मग आंघोळ कशाला?

दिवाळीच्या सुट्टीत मुलीला वाचून दाखवायला ‘श्यामची आई’ काढलं आणि ‘देवाला सारी प्रिय’ या प्रकरणाशी येऊन अडखळलो. १९९१ साली सुरतेत, कतारगामच्या चाळीत, याच प्रकरणाशी एकदा अडखळलो होतो.

वडील नंदुरबारकडून तिकडे लूमवर कामाला गेलेले. चाळीत काठियावाडी हिरेघसू, ओडिया कामगार आणि आम्ही दोन-चार खानदेशी घरं. समोरच्या खोलीतला माझा मित्र आमच्याच भागातला. त्याचे वडील माझ्या वडिलांच्याच पाळीला. शाळेत आम्ही एका बाकावर. फक्त, गावाहून आलेल्या आजीने त्याच्यासाठी खिडकीत जर्मनचा एक पेला वेगळा ठेवला होता. तो पाणी प्यायचा, पेला विसळून पालथा घालायचा. मला त्यात काही वावगं वाटत नसे, हे आज लिहायला जड जातं.

जिन्यात बसून आम्ही आळीपाळीने वाचत होतो. अस्पृश्य मानलेली म्हातारी, खाली पडलेली मोळी, कोणी हात लावीना. आई श्यामला सांगते, मोळी उचलून दे आणि घरी येऊन आंघोळ कर. मित्र थांबला. “मग आंघोळ कशाला?”

“तेव्हा तशी रीत होती,” मी शहाण्यासारखं म्हणालो.

त्याने पुस्तक मिटून माझ्या मांडीवर ठेवलं. पुढे तो पाणी प्यायला खालच्या नळावर जाऊ लागला.

साने गुरुजींना दोष देण्याचा माझा विचार नाही. १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात त्यांनी लिहिलं ते आपल्या लहानपणचं कोकण. तिथल्या आईने एवढं सांगणं हेही धाडसच. आणि विठ्ठलमंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून १९४७ साली पंढरपुरात याच माणसाने प्राण पणाला लावले. पण श्याम मदत करतो. ती म्हातारी काही त्याची सोबतीण नव्हे.

एम. ए.ला असताना मार्क ट्वेनचा हकलबरी फिन वाचला. गोरा पोरगा हक आणि गुलामीतून पळालेला काळा जिम एकाच तराफ्यावर. जिमच्या चित्रणावर तिकडेही वाद झाले, होतातही. पण धुक्याच्या रात्रीनंतर हक त्याची वाईट थट्टा करतो, जिम दुखावतो. माफी मागायला हकला पंधरा मिनिटं मन घट्ट करावं लागतं. पण तो मागतो.

मी त्यानंतर तीन वर्षं मित्राच्या समोरच राहत होतो. मध्ये कधीतरी आईने तो पेला मुकाट्याने घरच्या पेल्यांत मिसळून टाकला. आजी शोधत बसली. मी मित्राला तेवढंही सांगितलं नाही. सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगची बातमी पसरली, माणसं मिळेल त्या गाडीने सुरत सोडू लागली. त्याचं घर आदल्या दिवशी गेलं, आमचं दुसऱ्या दिवशी. आम्ही परतलो, ते नाहीत.

“बाबा, पुढे वाचा ना,” मुलगी म्हणाली. मी वाचलं, आंघोळीसकट. ती जरा वेळ गप्प होती.

“त्या आजीला माहीत होतं का,” तिने विचारलं, “की हा घरी जाऊन आंघोळ करणार?”