उद्यमबागेतली पद्मिनी

चोर्ला घाट चढून बेळगावला आमची १९७८ची पद्मिनी आली ती टेम्पोत बसून. गोव्याच्या खाऱ्या हवेनं तिचा तळ पार खाल्ला होता. पायाखालची मॅट उचलली की रस्ता दिसे.

उद्यमबागेतल्या वेल्डरमामांनी दाराखालच्या पत्र्याला पेचकस टोचला. थेट आत! पाणी जायची भोकं चिखलानं बुजली, की हा पत्रा आतून कुजतो.

"पुट्टी भरून रंग मारला तर चकाचक दिसेल बघा. पण पोरं बसणार असतील तर कापूया की."

या गाडीला वेगळी चासी नाही. तळ आणि हे पत्रे हाच तिचा कणा. बाबांना कारखान्यातला मूळ रंग जपायचा होता. बराच वेळ गप्प राहून म्हणाले, "कापा."

आधी दारांच्या चौकटीत आडव्या पट्ट्या मारल्या, नाहीतर बॉडी वाकते. मग चांगला पत्रा लागेपर्यंत कापलं. नवा पत्रा वीस गेजचा, सीओटू वेल्डिंगनं जोडला. सलग मात्र नाही : एक टाका इथे, दुसरा वीतभर लांब, मध्ये थंड होऊ द्यायचं. घाई केली की पत्रा पापडासारखा फुगतो. मामा तेवढ्यात कुंदा मागवायचे.

आता डावी बाजू झाली आहे. उजवी पावसाळ्याआधी व्हायला हवी.