हात काढू नका, ताई

पहाटेचे तीन वाजलेत. लेबर रूममधली मुलगी भिंतीला दोन्ही हात टेकून उभी आहे आणि मी तिच्या मागे गुडघ्यांवर. कळ आली की माझा तळहात मनगटापाशी तिच्या कमरेखालच्या त्रिकोणी हाडावर रोवायचा आणि कळ ओसरेपर्यंत जोर सोडायचा नाही. बाळाची पाठ आईच्या पाठीकडे असली की सगळं दुखणं कमरेत उतरतं; तिथे असं दाबून धरलं तर ते सोसवतं. "हात काढू नका, ताई," एवढंच ती म्हणत होती. दोन कळांच्या मध्ये घोटभर पाणी पाजायचं काम नवऱ्याला दिलं होतं. साडेपाचला तिला मुलगी झाली. त्या रात्रभरात मी एकही वैद्यकीय काम केलं नाही.

मी डूला आहे. शब्द ग्रीक, मूळ अर्थ दासी. १९७३ साली डाना राफेल या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी स्तनपानावरच्या आपल्या पुस्तकात तो बाळंतिणीला सांभाळणाऱ्या बाईसाठी वापरला आणि पुढे रुळला. शब्द परका असला तरी काम आपल्या ओळखीचं आहे. पहिलटकरणीच्या उशाशी आई, मावशी, आत्या, शेजारची जाणती काकू असायचीच. बाळंतपणं दवाखान्यात गेली हे चांगलंच झालं, त्याने असंख्य जीव वाचले. पण या सगळ्या बायका दाराबाहेर राहिल्या.

"म्हणजे सुईणच की!" असं मला हटकून ऐकवलं जातं. नाही. सुईण बाळंतपण करते. मी आतली तपासणी करत नाही, बाळाचे ठोके मोजत नाही, औषध देत नाही. मी फक्त सोडून जात नाही.

माझ्या पहिल्या बाळंतपणात मी अकरा तास जवळजवळ एकटी होते. नर्सबाई प्रेमळ होत्या, पण त्यांच्याकडे आणखी सहाजणी होत्या. आई बाहेरच्या बाकावर जप करत बसलेली. प्रत्येक कळ गेली की मी दाराकडे बघायचे. कळांपेक्षा ते दार मला जास्त आठवतं.

म्हणूनच अमेरिकेतल्या ह्यूस्टनचा एक अभ्यास मला फार जवळचा वाटतो. केनेल आणि क्लाउस या डॉक्टरांचं हे काम १९९१ साली प्रसिद्ध झालं. डूला सोबत असलेल्या पहिलटकरणींमध्ये सिझेरियनचं प्रमाण ८ टक्के होतं, नेहमीच्या पद्धतीने बाळंत झालेल्यांमध्ये १८ टक्के. पण मी थबकले ते तिसऱ्या गटापाशी. तिथे खोलीत एक बाई नुसती नोंदी घेत बसली होती. ती ना बोलायची, ना हात लावायची. तिथला आकडा १३ टक्के. नुसतं कोणीतरी खोलीत आहे, एवढ्यानेही फरक पडलेला दिसतो! तरीही "नॉर्मल डिलिव्हरीची गॅरंटी" देणारी डूला भेटली, तर तिला नमस्कार करून उठा. ती गॅरंटी डॉक्टरही देऊ शकत नाहीत. डॉक्टरांचं ऐकू नका म्हणणारीही नको.

आपल्याकडे डूलासाठी सरकारी परवाना नाही, तेव्हा पारख तुम्हालाच करायची आहे. प्रमाणपत्र बघा, पण त्याहून जास्त वेळ तिच्याशी बोला. तुमचं ऐकते, की स्वतःच बोलत राहते? महिन्याला किती बाळंतपणं घेते? दोघींच्या कळा एकाच रात्री सुरू झाल्या तर कोण येईल, आणि त्या दुसऱ्या डूलाला आधी भेटता येईल का? ३८व्या आठवड्यापासून रात्री-बेरात्री फोन उचलणार ना? सिझेरियन ठरलं तर ती थांबणार की घरी जाणार? बाळ झाल्यावर दूध पाजायला शिकवायला किती वेळा येईल? फी आणि हे सगळं कागदावर घ्या.

दवाखान्याची परवानगीसुद्धा सातव्या महिन्यातच, लेखी. हे मी ठेच खाऊन शिकले. एकदा डॉक्टरांनी तोंडी हो म्हटलं होतं. रात्रपाळीच्या माणसांना ते ठाऊक नव्हतं. मला दारातच अडवलं. मी बाहेरून फोनवर नवऱ्याला सांगत राहिले, "थोडं खाली दाब, अजून खाली." त्याने मनापासून केलं. पण तिला दिलेला शब्द माझ्याकडून मोडला, हे मला आजही लागतं.

डूलाची फी सगळ्यांना परवडत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. २०१६ साली केंद्र सरकारने सरकारी रुग्णालयांत, बाळंतपणाचा अनुभव असलेली नात्यातली एक बाई प्रसूतीच्या वेळी सोबत असावी, अशी मुभा दिली. आपल्या गावच्या दवाखान्यात ती मिळते का, हे आधीच विचारून ठेवा. आणि त्या बाईला तयार करा.

गेल्या वर्षी पोळ्या करणाऱ्या एका मावशींना मी त्यांच्या भाचीसाठी दोन दुपारी शिकवलं. कुठे दाबायचं, कळ चढताना तिला ओठ सैल सोडून लांब "ओ" म्हणायला कसं लावायचं, आणि "सोस गं, सगळ्याच सोसतात" हे वाक्य का म्हणायचं नाही. तळहात रोवून जोर लावणं त्यांना पहिल्याच दिवशी जमलं. रोज तेच तर करतात. महिनाभराने सकाळी दहाला त्यांचा फोन आला. मुलगा झाला, भाची बरी आहे. मग म्हणाल्या, "ताई, मनगट भरून आलंय. आज पोळ्यांना सुट्टी घेतली."