पिठलंच आहे

मराठीतले सर्वांत लहान पण सर्वांत बोलके अक्षर कोणते, असे मला कुणी विचारले तर मी 'च' असे सांगेन. व्याकरणाचे पंडित त्याला शब्दयोगी अव्यय म्हणून मोकळे होतात. पण या एवढ्याशा 'च'ने आमच्या घरातल्या रात्रीच्या जेवणावर दोन पिढ्या राज्य केले आहे.

माझी आई नाशिकला टेलिफोन ऑपरेटर होती. ट्रंक कॉलचा तो काळ. दिवसभर गावोगावची माणसे एकमेकांना जोडून द्यायची आणि सातला घरी येऊन स्टोव्ह पेटवायचा, हा तिचा क्रम. शेजारच्या काकू घरीच असत. त्यांच्याकडे रोज दोन भाज्या, शिवाय कोशिंबीर. पाने मांडताना आई न चुकता म्हणे, "आज काही नाही रे, पिठलंच आहे." आम्ही भावंडे मुकाट्याने जेवत असू. तिला वाटे, मुले हिरमुसली. खरे म्हणजे आमची तोंडे भरलेली असत!

१९९१ साली मी मुंबईत नोकरीला लागले. पुढच्याच वर्षी चर्चगेट-बोरिवली मार्गावर लेडीज स्पेशल सुरू झाली. त्या गाडीत संध्याकाळी कुणाच्या मांडीवर मेथीची जुडी असे, कुणाच्या पिशवीत मटाराच्या शेंगा. "आज काय गं?" असा प्रश्न एका बाकावरून निघे आणि साऱ्या डब्यात फिरे. "काय करणार, खिचडीच." "आमच्याकडे आमटी-भातच." अंधेरी येईतो सबंध डबा 'च'कारांनी भरून जाई.

लग्नात मला कमलाबाई ओगल्यांचे 'रुचिरा' आहेर म्हणून मिळाले होते. ते रविवारी उघडायचे. इतर दिवशी घरात शिरल्याबरोबर पर्स खुंटीला, भाताचा कुकर एका शेगडीवर आणि कढई दुसरीवर. तेलात मोहरी, हिंग, हळद, ठेचलेला लसूण, मिरच्या आणि कांदा. त्यावर तीन वाट्या पाणी. पाण्याला खळखळून उकळी आली की एका हाताने वाटीभर बेसन पेरायचे आणि दुसऱ्याने ढवळायचे. इथे मात्र ऑफिसचा विचार मनात येता कामा नये. आला की गुठळी झालीच. मग झाकण ठेवून एक-दोन वाफा. कुकरची तिसरी शिट्टी होते तोवर पिठले तयार. आणि पाने घेताना माझ्याही तोंडून तेच, "आज पिठलंच आहे हं."

आई शेवटची माझ्याकडे राहायला आली ते २००८ साल. एका रात्री गाड्या रखडल्या, मला घरी यायला नऊ वाजले. मी घाईने तिला पान वाढले आणि नेहमीचे वाक्य बोलून गेले. ती हसली. मग जरा थांबून म्हणाली, "तुम्हांला माझ्या हातचं धड जेवण कधी मिळालंच नाही गं." त्या वेळी मी हातातला डाव खाली ठेवायला हवा होता. तिच्याजवळ बसायला हवे होते. पण डबा घासायचा होता, सकाळची भाजी चिरायची होती. "काहीतरीच काय, आई!" एवढेच म्हणून मी ओट्याकडे वळले. त्यानंतर चार महिन्यांनी ती गेली.

परवा बंगळूरहून मुलाचा फोन आला. दिवाळीला येतो आहे. मी उत्साहाने चकल्या, कडबोळी, अनारसे अशी यादी सांगू लागले. मला मध्येच अडवून तो म्हणाला, "ते सगळं कर गं. पण मी पोचेन त्या रात्री पिठलंच कर. दुसरं काही नको."

हाही 'च'च होता. पण हा हट्टाचा होता, मागून घेणारा होता. माझ्या आईने जन्मभर वापरला तो दिलगिरीचा 'च'. हा दुसरा आम्ही तिला कधी ऐकवलाच नाही. आम्हांला तो ठाऊक नव्हता असे नाही. आमची तोंडे भरलेली होती, एवढेच.

वाचकहो, दिवाळीच्या फराळाचे कौतुक आपण सारेच करतो. ते जरूर करा. पण भाऊबीज आटोपून घर पुन्हा कामाला लागेल, आणि एखाद्या मंगळवारी थकूनभागून आलेले कुणी तुमच्यापुढे साधे पिठले-भाताचे पान ठेवील, तेव्हा तोंडात घास असला तरी चालेल, पण बोला.