ओल सोडणारं कापड

भर आषाढात राजमाचीला निघालं की पाणी कुठून येतंय याचा हिशेब सुटतो. ते वरून कोसळतं, वाटेवरच्या झाडोऱ्यातून अंगावर उडतं, बुटात शिरून पायमोज्यांतून वर चढतं. उधेवाडीतल्या एखाद्या घराच्या पडवीत सॅक उतरवली की पहिली आठवण होते ती टॉवेलची. डोकं खसाखसा पुसलं, कोरडा शर्ट चढवला, हातात चहा आला की माणूस माणसांत येतो. टॉवेलचं मात्र तिथून पुढे लोढणं होतं. पडवीतल्या दोरीवर तो रात्रभर लोंबकळतो आणि सकाळी जसाच्या तसा, वर थोडा गारठून, हातात येतो. मग त्याला प्लास्टिकच्या पिशवीत कोंबायचं. दुपारी ती पिशवी उघडण्याचं धैर्य प्रत्येकात नसतं.

प्रवासातल्या टॉवेलची परीक्षा अंग पुसताना होतच नाही. पाणी काय, जुनं धोतरही टिपतं. टिपलेलं पाणी तो किती लवकर सोडून देतो, हे खरं. घरचा टर्किश टॉवेल इथे हमखास नापास. त्याच्या दोन्ही अंगांना सुताचे बारीक फासे उभे असतात, आणि कापसाचा तंतू वरवर भिजून थांबत नाही, पाणी पिऊन फुगतो. अंगाभोवती गुंडाळता येईल असा, 70 बाय 140 सेंटिमीटरचा, चौरस मीटरला 450 ग्रॅम भरणारा टॉवेल कोरडाच जवळपास 440 ग्रॅमचा. ओला झाल्यावर तो पाठीवर घेऊन चढायचं म्हणजे विहिरीतलं पाणी गडावर नेण्यासारखं. सोलापूरच्या टॉवेलला नावं ठेवायची माझी छाती नाही. भौगोलिक मानांकन मिळालेली चीज आहे ती. पण त्या टॉवेलला ऊनही सोलापूरचंच लागतं. तिथल्या गच्चीवर तो तासाभरात कडकडीत वाळतो. मावळात श्रावण उजाडला तरी वाळत नाही.

आता ट्रेकच्या दुकानात मिळतो तो मायक्रोफायबरचा टॉवेल. घडी केली की मुठीत मावणारा, जाळीच्या पिशवीतला, बहुधा निळा किंवा पोपटी. या अतिसूक्ष्म धाग्याच्या इतिहासात एक मोठं नाव जपानच्या तोरे कंपनीतले मियोशी ओकामोतो यांचं. 1970 मध्ये त्यांनी असा धागा वापरून साबरासारखं मऊ कापड घडवलं. टॉवेलच्या धाग्यात पॉलिएस्टर आणि नायलॉन एकत्र ओढतात आणि मग तो तंतू उभा फोडतात, त्यामुळे त्याच्या कितीतरी बारीक चिरा होतात. गंमत अशी, की यातलं पॉलिएस्टर पाणी जवळजवळ पीतच नाही. एरवीच्या हवेत कापूस आपल्या वजनाच्या साधारण 8 टक्के ओलावा धरून बसतो, पॉलिएस्टर अर्ध्या टक्क्याहूनही कमी. पाणी अडकतं ते तंतूंच्या मधल्या फटींत. म्हणून एक जोरदार पीळ दिला की बरंचसं पाणी धारेनं निघून जातं आणि उरलेलं उडून जायला वेळ लागत नाही.

गुण मान्य, पण स्पर्श? भेगाळलेल्या तळव्यांना तो चिकटतो. पाठीवर घासायला जावं तर सरकत नाही, दाबून दाबून टिपावं लागतं. अंग कोरडं होतं, पण पुसल्याचं समाधान मिळत नाही. शिवाय त्याचे नखरे सांभाळायचे: कपडे मऊ करणारं द्रावण लावलं की त्या फटी लिंपल्या जातात आणि तो पाणी टिपेनासा होतो. चुलीजवळ तर नेऊच नये, आकसायचा. पावसाळ्यात तान्ह्या बाळाची लंगोटं शेगडीवर पालथ्या घातलेल्या टोपलीवर सुकवायची आपल्याकडची जुनी रीत आहे. सुती कापड ती धग सोसतं. हा नाही सोसत.

लडाखला गेलात तर त्याला तोड नाही. तिथली हवा इतकी कोरडी की सॅकला बाहेरून पिनेनं अडकवलेला टॉवेल चालता चालता वाळतो. सह्याद्रीच्या पावसात मात्र हवाच पाण्यानं तुडुंब भरलेली. तिला आणखी ओल घ्यायला जागा नसते, तिथे धागा जपानी असो की इचलकरंजीचा, सगळे सारखेच हताश. अशा वेळी कापड पातळ असण्याला महत्त्व येतं. केरळचा तोर्तू, बंगालचा गमछा, आसामचा गामोसा आणि आपला पंचा, सगळे साधे, सपाट विणीचे, आणि सगळे दमट मुलखांत रोजच्या वापरातले. मला हा योगायोग वाटत नाही. पावसात राहणाऱ्या माणसांनी कापडाकडून फार पाणी पिण्याची अपेक्षाच ठेवली नाही. थोडं टिपायचं, पिळायचं, पुन्हा टिपायचं.

शिवाय पंचा एका कामावर थांबत नाही. आंघोळीला नेसता येतो, डोक्याला गुंडाळता येतो, त्यात भाकरी बांधता येते, गढूळ पाणी गाळता येतं. आळंदीहून पंढरपूरला जाणाऱ्या दिंड्यांचे ट्रक पाहावेत: दोन्ही अंगांना दोऱ्या, दोऱ्यांवर धोतरं, लुगडी, पंचे. मुक्काम हलतो, वाळवण त्याच्याबरोबर हलतं. रेल्वेच्या स्लीपर डब्यातही खिडकीच्या गजांना दोन टोकं बांधली की पंचा स्टेशनागणिक हलका होत जातो. कोकण रेल्वेत जरा सबुरी हवी. करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा, आणि पावसात त्यातून येणारा वारा वाळवणारा नसतो.

माझी सोय मी अशी लावली आहे: हिमालयात मायक्रोफायबर, सह्याद्रीत पंचा. अडचण एवढीच की चांगला, आखूड, जाडसर सुताचा पंचा आता पटकन सापडत नाही. पुण्यात एका जुन्या कापडाच्या दुकानात मागितला तर मालकांनी आधी चेहरा गंभीर केला.

"कशासाठी हवाय? पूजेला, की..." पुढचं त्यांनी गिळलं.

"ट्रेकला," मी म्हणालो.

चेहरा एकदम सैल झाला. "मग तो पूजेचा नको, विरविरीत असतो. हा घ्या." त्यांनी वरच्या फळीवरून दुसरा गठ्ठा ओढला, एका पंच्याचा कोपरा चिमटीत चोळून पाहिला. "खळ आहे यात. दोनदा धुतल्याशिवाय नेऊ नका, नाहीतर पाणी अंगावर नुसतं इकडून तिकडे फिरेल."