पोस्त, चहापाणी आणि पाकीट



दिवाळी जवळ आली की घरात फराळाची यादी होते आणि दुकानात पोस्तीची. कचरा नेणाऱ्या मावशी, पेपरवाला, हमाल, टेम्पोवाला, सगळ्यांची नावं त्यात असतात. हे देताना मनाला बरंच वाटतं. पण यादीत खाली गेलं की एखादं नाव असं येतं, की हात थबकतो. याला आपण खुशीने देतोय की धाकाने? आणि कशासाठी?

आपल्या भाषेत या देण्याला शब्द तरी किती आहेत! बक्षिसी, पोस्त, खुशाली, चहापाणी, चिरीमिरी, दस्तुरी, वजन, पाकीट. पहिले तीन आपण मोठ्याने बोलतो, शेवटचे दोन दबक्या आवाजात. मधलं चहापाणी मात्र दोन्हीकडे चालतं. कपाट तिसऱ्या मजल्यावर चढवणाऱ्यालाही चहापाणी आणि अडकलेली फाइल सरकवणाऱ्यालाही चहापाणीच. शब्द एकच असला की मनाला पळवाट मिळते.

काहीजणी म्हणतात, रक्कम लहान असेल तर बक्षिसी, मोठी असेल तर लाच. मला हे पटत नाही. काहीजणी म्हणतात, कामाआधी दिली तर लाच, नंतर दिली तर बक्षिसी. हेही पुरतं खरं नाही. बाळंतपण झाल्यावर बाळ हातात देण्याआधी पैशासाठी अडून बसणारे लोक आपल्यापैकी अनेकींनी पाहिले असतील. मुलगा झाला तर जास्त, मुलगी झाली तर कमी. काम झाल्यावरच मागतात, पण त्याला खुशाली कशी म्हणायची?

गॅसचंच बघा. घरपोच सिलिंडरच्या किमतीत तो पोचवण्याचा आकार धरलेला असतो. तरी जिना चढून आलेल्या माणसाला मी पाणी देते आणि वीस-तीस रुपये हातावर ठेवते. त्याच्या कष्टासाठी माझ्या पर्समधले पैसे. पण तोच जर म्हणाला, “पन्नास द्या, नाहीतर पुढच्या वेळी उशीर होईल,” तर मामला बदलला. आता तो माझ्या हक्काची वस्तू मलाच विकतोय. आणि “शंभर घ्या, शेजारणीच्या आधी मला आणा,” असं मी म्हटलं, तर शेजारणीचा नंबर मी विकत घेतला.

कुणी म्हणेल, पैसे देऊन लवकर काम करून घेणं यात वाईट काय? वाईट तेवढ्यात नाही. 36 पानी पासपोर्टची फी 1,500 रुपये आहे, तत्काळ हवा असेल तर वर 2,000. ते पैसे सरकारी खात्यात जातात, पावती मिळते, दर सगळ्यांना सारखा. आपल्या मंदिरात अभिषेकाची बोली होते तीही अशीच. सगळ्यांसमोर होते, कुणीही बोली लावू शकतं आणि रक्कम भांडारात जमा होते. पण बोली न लावता कुणी सेवकाच्या खिशात पाचशेची नोट सरकवून पुढे बसलं, तर आपल्यालाच राग येईल. नोटा त्याच, पण त्या भांडाराऐवजी खिशात गेल्या.

आमचं किराणा-भुसारचं दुकान आहे. दोन वर्षांपूर्वी मुलाला एका कारखान्याच्या कँटीनचं काम मिळालं. वर्षाला साडेचार लाखांचा माल. दर वेळी पैसेही वेळेवर यायचे. मग तिथे खरेदी बघणाऱ्या माणसाने सांगितलं, “पोत्यामागे वीस रुपये आमचे ठेवत जा.” मुलगा घरी येऊन म्हणाला, “आई, आपण दलालाला दलाली देतोच ना? ही दस्तुरी समज.”

मी कॉमर्सची पदवीधर. नोकरी केली नाही, पण जमा-नावे विसरले नाही. मी त्याला विचारलं, “दलाली बिलात लिहितोस, दोन्ही व्यापाऱ्यांना ती माहीत असते. हे वीस रुपये कोणत्या खात्यात लिहिशील? आणि येणार कुठून?” त्याच्याकडे दोनच वाटा होत्या. भाव वीसने वाढवायचा, किंवा डाळ एक प्रत खाली उतरवायची. म्हणजे पैसे कारखान्याच्या मालकाचे जाणार, नाहीतर कामगारांच्या ताटातले. आमच्या खिशातलं काही जाणारच नव्हतं!

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. खोटी मापं, भेसळ, राज्याचे नियम मोडून व्यवहार हे आपल्याला लगेच आठवतात. पण त्यात पहिला आहे स्तेनप्रयोग, म्हणजे दुसऱ्याला चोरीच्या कामाला लावणं. पाकिटाने आपण नेमकं हेच करतो. समोरच्याकडे जे विश्वासाने सोपवलेलं आहे, मालकाचा पैसा असो, सरकारचा शिक्का असो की रांगेतल्या माणसाचा नंबर, ते त्याला विकायला लावतो. बक्षिसी देताना मी माझं देते आणि तो स्वतःचे कष्ट देतो. लाचेत मात्र तो जे देतो ते त्याचं नसतंच. माझ्यापुरती रेषा इथे आहे.

मुलाने त्या माणसाला सांगितलं, वीस रुपये बिलातच सूट म्हणून दाखवतो. पुढच्या वर्षी काम दुसऱ्याला गेलं. सूनबाईला राग आला. “सगळेच देतात, आपणच का नुकसान सोसायचं? मुलांच्या शाळेची फी कोण भरणार?” तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. फी खरी आहे. त्या वर्षी आम्ही सोनं घेतलं नाही, गाडीचं ठरलेलं पुढे ढकललं. ते काम अजून परत आलेलं नाही. धर्माने वागलं की धंदा वाढतोच, असं मी तुम्हाला सांगू शकत नाही.

सरकारी कामाच्या बाबतीत कायदाही माहीत असू द्या. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा 1988 चा. 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणाऱ्यालाही 7 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बळजबरीने द्यावी लागली, तर 7 दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवलं पाहिजे, तरच संरक्षण मिळतं. महाराष्ट्रात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा नंबर 1064 आहे. शिवाय गुन्हा ठरणाऱ्या कामासाठी केलेल्या खर्चाची आयकरात वजावट मिळत नाही. म्हणून तो खर्च ‘किरकोळ’ या नावाखाली लपतो, आणि मग हिशोबही खोटा होतो.

आपल्यापैकी कितीतरी जणी घरच्या फर्ममध्ये नावापुरत्या भागीदार आहोत. मार्चनंतर कागद येतात, स्वयंपाक करता करता हात पुसून आपण सही करतो. पण जबाबदारी नावापुरती नसते. यंदा सही करण्याआधी किरकोळ खर्चाचं खातं तेवढं मागून बघा.