जेवलात का आणि काय जेवलात

आमची लेक २०२५ मध्ये डॉक्टर झाली. अभिनंदनाचे फोन आले, आणि प्रत्येकाने विचारलं, "एवढी वर्षं का लागली गं?" तर मंडळी, इथे अमेरिकेत बारावीनंतर थेट मेडिकल नसतं. आधी चार वर्षांची पदवी, मग एमकॅट, आणि शिवाय अनुभवाचे तास. म्हणजे डॉक्टरच्या मागे उभं राहून बघायचं (याला शॅडोइंग म्हणतात) किंवा हॉस्पिटलात स्वयंसेवक म्हणून राबायचं. कोरड्या मार्कांवर इथे भागत नाही.

तिचा अर्ज जायचा होता २०२० च्या उन्हाळ्यात. आणि मार्चमध्ये सगळंच ठप्प! हॉस्पिटलांनी विद्यार्थ्यांना घरी पाठवलं. बरोबरच होतं म्हणा, तिथे डॉक्टरांनाच मास्क पुरत नव्हते. एमकॅटच्या तारखा रद्द झाल्या. पुढे परीक्षा झाली ती साडेसात तासांऐवजी पावणेसहा तासांची, दिवसाला तीन पाळ्यांत. त्यात त्या खेपेला अर्जदार जवळजवळ १८ टक्क्यांनी वाढले. वर्ष वाया जातंय की काय, या धास्तीने माझी झोप उडाली होती.

मुलांनी मात्र वाटा शोधल्या. कुणी झूमवर डॉक्टरांचं काम समजून घेऊ लागलं, कुणी घरी बसून व्हिडिओ-तपासणीच्या नोंदी टिपून देऊ लागलं. जॉन्स हॉपकिन्सने मे महिन्यात बाधितांचे संपर्क शोधायचा मोफत ऑनलाइन कोर्स काढला, तो लेकीने केला. पण काम मिळालं ते वेगळंच. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना रोज फोन करायचा.

"हे कसले तास? हे धरणार आहेत का अर्जात?" मी कुरकुरले. ती फोन करत राहिली.

काही दिवसांनी तिचा प्रश्न बदललेला मला शेजारच्या खोलीतून ऐकू आला. "जेवलात का?" ऐवजी "आज काय जेवलात?" मी कारण विचारलं. म्हणाली, "आई, 'का' विचारलं की सगळे 'हो' म्हणून सुटतात. 'काय' विचारलं की कळतं, दोन दिवस नुसती बिस्किटं चालली आहेत."

कुणा डॉक्टरच्या मागे उभं राहून ती पुष्कळ काही शिकली असती. पण तिथे प्रश्न डॉक्टर विचारतात. इथे विचारणारी तीच होती, आणि ऐकणारीही.

ते तास अर्जात गेले, प्रवेशही मिळाला. त्यांच्यामुळेच मिळाला असं मी म्हणणार नाही. पण परवा पुण्याला फोन लागला होता. सासूबाई म्हणाल्या, "हो गं, जेवले."

"काय जेवलीस, आजी?"

पलीकडे शांतता. मग हळूच उत्तर आलं, "चहा-खारी."