एचडी म्हणजे नेमकं किती?

मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत उभं राहिलं की निदान एक तरी गृहस्थ मला टीव्हीविषयी विचारतात. एम. एस. करताना मी व्हिडिओ कॉम्प्रेशन शिकलो होतो, ही बातमी आमच्या गावात सर्वांना झाली आहे, एवढंच कारण. प्रश्न ठरलेला. "अहो, इथला फुटबॉल आरशासारखा स्वच्छ दिसतो, आणि आपलं मराठी चॅनेल लावलं की सगळ्यांच्या तोंडाला पीठ फासल्यासारखं. दोन्हीवर एचडी लिहिलंय. टीव्ही बदलू का?"

टीव्ही बदलू नका. एचडी ही पाटी फक्त चौकटीचं माप सांगते: १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २०.७ लाख ठिपके, नाहीतर १२८० गुणिले ७२०, म्हणजे ९.२ लाख. त्या चौकटीत माहिती किती भरली, हे पाटीवर कुठेच नसतं.

यावरून इथल्या नेटवर्कांत सुरुवातीलाच दोन तट पडले. सीबीएस आणि एनबीसीने १०८०-आय घेतलं, एबीसी आणि फॉक्सने ७२०-पी. पहिल्यात ठिपके जास्त, पण एका वेळी चित्राच्या निम्म्याच ओळी येतात, सेकंदाला ६० वेळा. दुसऱ्यात ठिपके कमी, पण सेकंदाला ६० अख्खी चित्रं. सेकंदाचा हिशेब मांडला तर ६.२ कोटी विरुद्ध ५.५ कोटी ठिपके. फरक आहे, पण भांडण्याएवढा नाही. खरी मेख बिटांत आहे.

स्टुडिओत एचडी चित्र तारेवरून जातं तेव्हा सेकंदाला सुमारे १४८ कोटी बिट वाहतात. अमेरिकेत १९९६ साली मान्य झालेल्या डिजिटल प्रक्षेपणाच्या पद्धतीत एका स्टेशनाला ६ मेगाहर्ट्झची जागा मिळते, आणि तिच्यातून जेमतेम १ कोटी ९४ लाख बिट जातात. म्हणजे सत्याहत्तरातला एक ठेवायचा आणि बाकीचे टाकायचे, तेही बघणाऱ्याला कळू न देता! हे जमतं, कारण मागच्या चित्रातलं बरंचसं पुढच्यात जसंच्या तसं असतं. बातम्या देणाऱ्या बाईंच्या मागची भिंत दर वेळी नव्याने पाठवावी लागत नाही.

पण पातेलं तेवढंच आणि पंगत मोठी. त्याच जागेत मुख्य चॅनेलच्या शेजारी जुने सिनेमे, हवामान, असली तीन-चार पोटचॅनेलं बसवतात. वाढपी यंत्र हुशार असतं. ज्याला त्या क्षणी भूक जास्त, त्याला ते जास्त वाढतं. सगळ्यांना एकदम भूक लागली की मात्र प्रत्येकाच्या पानात कमी पडतं. केबल आणि सॅटेलाइटवाले हाच हिशेब आणखी मोठ्या पंगतीला लावतात. आपल्या भाषेचे प्रेक्षक मोजके, तेव्हा आपलं पान शेवटी मांडलेलं, असं माझं मत.

गेल्या वर्षी आई सोलापूरहून आमच्याकडे आली होती. निघण्याच्या दोन महिने आधी तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. अनंत चतुर्दशीला आम्ही मुंबईची विसर्जन मिरवणूक लाइव्ह लावली. गुलाल उधळला की पडद्यावर नुसते चौकोन. आई काही बोलली नाही. चार दिवसांनी बायकोला हळूच म्हणाली, "ऑपरेशन बिघडलं वाटतं गं. त्याला सांगू नकोस, उगाच खर्चात पडेल."

मी त्याच संध्याकाळी खिडकीत साधी अँटेना लावली आणि पीबीएसवर पक्ष्यांचा कार्यक्रम दाखवला. बगळ्याची पिसं सुटी सुटी दिसत होती. "म्हणजे डोळ्यांचं नाही ना?" तिने दोनदा विचारलं.

गुलाल हा कॉम्प्रेशनचा शत्रूच. प्रत्येक कण आपल्या मर्जीने उडतो, मागच्या चित्रातलं काहीच उपयोगी पडत नाही. यंत्र चित्राचे बारीक चौकोन पाडून काम करतं. बिट कमी पडले की चौकोनातला तपशील जातो आणि कडा उघड्या पडतात. समुद्राच्या लाटा, पाऊस, अक्षता यांचंही तेच. त्यातून मुंबईचं चित्र इथे पोचेपर्यंत वाटेत पुनःपुन्हा उलगडून दाबलं जातं, म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स. शिवाय भारतात प्रक्षेपण सेकंदाला ५० चं, इथे ६० चं. पाच चित्रांची सहा करायची तर एक कुठून तरी आणावं लागतं. घाईत केलं की मागचंच परत दाखवतात. कॅमेरा आडवा फिरताना चित्र अडखळतं ते यामुळे.

आम्ही ज्या कंपनीकडून चॅनेल घेतो तिला मी हे सगळं सविस्तर लिहिलं. उत्तर आलं, "कृपया बॉक्स बंद करून पुन्हा सुरू करा." असो.

घरी करण्यासारखं थोडंच आहे. टीव्हीचं शार्पनेस वाढवू नका, त्याने चौकोनच ठसठशीत होतात. आणि दूरदर्शनच्या जुन्या मालिका मुळातच ५७६ ओळींच्या, सुमारे ४ लाख ठिपक्यांच्या. त्यांना ६५ इंचांवर ताणण्यात अर्थ नाही. त्यांच्यासाठी आम्ही बेसमेंटमधला छोटा टीव्ही ठेवला आहे. आई तिथेच बसायची, शाल घेऊन.